एकट्याचं कासव

५ फेब्रुवारी
आजपासून स्वतंत्र. घराखालच्या खोलीत, म्हणजे आमच्या लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात, मधोमध प्लायवुडची भिंत उभी केली. खिडकीकडची बाजू मी घेतली, कारण वयाने मोठा मी. दाराकडची मेहुण्याला. खिळे कमी पडले तेव्हा ते मेहुण्यानेच काढून दिले, आणि मी ठोकत असताना पलीकडून प्लायवुड धरून उभा राहिला. भांडण चालू असताना मदत करायची, याला काय म्हणावं? माणसाला भांडणाची शिस्त नाही.

कारण लिहून ठेवतो. पुढेमागे मन विरघळायला नको. गेल्या महिन्यातल्या प्रदर्शनात आमच्या दाणे टिपणाऱ्या कोंबडीला पहिलं बक्षीस मिळालं. आयोजक बाईंनी विचारलं, कल्पना कुणाची? मेहुण्याने म्हणायचं, भाऊजींची. एका शब्दाचं काम. तर हा म्हणाला, एकत्रच सुचलं. एकत्र कसं सुचेल? डोकी दोन आहेत ना? कोंबडी पूर्णपणे माझी. त्याने मधे फक्त एवढं विचारलं होतं की भाऊजी, उलटं करून बघितलंत का? म्हणजे कोंबडी जागेवर ठेवायची आणि खालची फळी हलवायची. हा प्रश्न तो कशालाही विचारतो. मी नवी छत्री आणली तेव्हाही विचारला होता. याला कल्पना म्हणत नाहीत, खोड म्हणतात.

६ फेब्रुवारी, सकाळी ६
संकल्प. रोज पहाटे उठणे. कुणाचंही मत न विचारणे. मे महिन्यातल्या उन्हाळी प्रदर्शनात एकट्याच्या नावावर खेळणं मांडणे. अर्ज आजच टाकतो. खेळणंही ठरलं आहे: कासव. उतारावर सोडलं की आपलं आपण चालत खाली येणारं. कासव निवडण्यामागे विचार आहे. घर पाठीवर, कुणाच्या दारात उभं राहायला नको.

ता. क. हे लिहून परत झोपलो. साडेनऊला उठलो. पहाट उद्यापासून.

११ फेब्रुवारी
पहिलं कासव तयार. उतारावर ठेवलं. दोन पावलं चाललं, मग पाठीवर पडलं. चारही पाय वर. लाकूड ओलसर असावं.

मला मोठ्याने बोलत काम करायची सवय आहे. बोललं की विचार नितळ होतात. आज बोललो, चालायला तर पाहिजे, मग पडतं का? बरोबर त्याच वेळी पलीकडे मेहुणा खोकला. योगायोगावर माझा विश्वास नाही. माझी तंद्री मोडायचा हा प्रकार आहे.

१५ फेब्रुवारी
छताच्या जुन्या तुळईत काळ्या भुंग्यांनी भोकं पाडून घरं केली आहेत. मेहुण्याचं कायमचं म्हणणं, राहू द्या भाऊजी, एवढ्याशा भोकाने घर पडत नाही. लाकडावर पोट असलेल्या माणसाने लाकूड पोखरणाऱ्यांची बाजू घ्यायची! आता तुळईची ही बाजू माझ्या हद्दीत. भुंगे बाहेर गेलेले बघून सगळी भोकं पुट्टीने बुजवली. वरून पॉलिश पेपर मारला. सुबक काम.

संध्याकाळी भुंगे परत आले. तुळईला धडका देत बसले. मग गेले. ही म्हणाली, उगाच बेघर केलंत त्यांना. हिचं मन मऊ आहे. माहेरचा गुण.

२१ फेब्रुवारी
कासव नंबर तीन. पाय आखूड केले. पाठीवर पडलं.

दुपारी गच्चीचीही वाटणी केली. मधे हिरवी जाळी लावली, वरपासून खालपर्यंत, पक्कं शिवून. माझा पॅशनफ्रूटचा वेल माझ्या बाजूला, मेहुण्याचा त्याच्या बाजूला. दोन्ही रोपं आम्ही वेगवेगळ्या ठिकाणाहून आणलेली, पण दरवर्षी दोन्ही वेल गच्चीभर धावतात आणि एकमेकांत गुंतून बसतात. मग पिवळी फळं बादलीभर निघतात आणि कुठलं कुणाचं कळत नाही. आता कळेल. माझ्या वेलाला फळं येतात ती माझ्या खतामुळे. त्याच्या वेलाला येतात तीही माझ्या खतामुळेच, मुळं खालून चोऱ्या करतात. एकदा त्याचा वेल वांझ राहिला की त्याची खात्री पटेल.

गुंतलेल्या फांद्या कापाव्या लागल्या. मेहुणा खुर्चीत बसून बघत होता. उभाही राहिला नाही. हार मानलेली दिसते.

३ मार्च
एक गोष्ट ध्यानात आली आहे. मेहुण्याचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे तो इतकी वर्षं आमच्याच टेबलावर जेवायचा. भांडणापासून ही त्याचा डबा जिन्यापलीकडे त्याच्या खोलीत नेऊन देते. तो डबा हल्ली अर्धा भरलेला परत येतो. अर्थ उघड आहे. कुणी तरी बडा व्यापारी त्याला बाहेर जेवायला घालतोय. गुप्त करार. गुप्त खेळणं. हिला माझा निष्कर्ष सांगितला. ही म्हणाली, अहो, त्याच्या घशाखाली उतरत नाहीये. मी म्हटलं, अपराधी माणसाच्या घशाखाली उतरत नाहीच.

ही डबा घासायला लागली. बराच वेळ घासत होती.

१० मार्च
वेलाला पहिली फुलं! दुपारी बाराच्या सुमाराला उमलली. पांढऱ्या-जांभळ्या झालरीची, मोठ्या बशीएवढी देखणी. खत, खत आणि खत. जाळीच्या पलीकडेही आली आहेत, पण त्यात जीव नाही.

कासव नंबर पाच. डोकं जड केलं. पाठीवर पडलं. डोकं जड केल्यावर पुढे पडायला हवं होतं. कासवांना शास्त्र कळत नाही.

१७ मार्च
फुलं गळतात. दुपारी उमलतात, रात्री मिटतात, दोन दिवसांनी देठासकट खाली. एकही धरलं नाही.

कन्येला फोन केला. ती शेतकी कॉलेजात शिकवते, म्हणजे फुकटचा सल्ला हक्काचा. म्हणाली, बाबा, या वेलाला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या वेलाचा लागतो. मोठे काळे भुंगे हे काम करतात, छोट्या माशीचं ते काम नाही. मामाचा वेल शेजारी आहे म्हणून तर तुमच्याकडे इतकी फळं यायची. दोघांनाही एकमेकांमुळेच यायची. भुंगे आहेत ना?

मी म्हटलं, बघतो.

मग म्हणाली, आणि मामा कसा आहे, रिपोर्ट आले का? मी म्हटलं, मजेत आहे. रोज बाहेर जेवतो.

१८ मार्च
रात्रभर विचार केला. वेलाला स्वाभिमान नसतो हा समज चुकीचा आहे. त्याला सवय लावली गेली आहे, आयत्या परागाची. वाईट सवय मोडता येते. आजपासून स्वावलंबन शिबिर. खेळण्यांचे डोळे रंगवायचा बारीक ब्रश घेतला. माझ्याच फुलातला पिवळा पराग माझ्याच फुलाच्या वरच्या गोंड्यांना नीट चोळला. प्रत्येक फुलाला दोनदा. फुलांशी बोललोही. आपलं आपण करायचं, कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, असं.

जाळीपलीकडे त्याच्या वेलाला भरपूर फुलं होती. जाळीच्या भोकातून ब्रश सहज गेला असता. गेला असता, पण घातला नाही. तत्त्व आहे.

२१ मार्च
शिबिरातली सगळी फुलं गळाली. ब्रशचे केस राठ असावेत. नवा ब्रश आणणे.

२६ मार्च
मेहुण्याचा खोकला वाढला आहे. पूर्वी माझ्या वाक्याच्या शेवटी खोकायचा, आता मधेच खोकतो. यात डाव आहे. ही म्हणते डॉक्टरांनी फुप्फुसाचं काही सांगितलंय, मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं, तुम्ही बरोबर चला. मी विचारलं, तो म्हणाला का भाऊजींना बोलाव म्हणून? ही म्हणाली, तो कसा म्हणेल, तुम्ही भिंत घातलीत. मी म्हटलं, भिंत घातली म्हणून काय झालं, जिना बंद केलेला नाही. त्याने एक पाऊल टाकावं, मी दोन टाकीन.

यावर ही म्हणाली, त्याला जिना चढवत नाही. मला हे जरा नाटकी वाटलं. काल तर चढताना दिसला होता. दर दोन पायऱ्यांवर बसत होता, पण चढत होता.

३१ मार्च
खोकला बंद! पलीकडे पूर्ण शांतता. चार दिवस झाले, ठोकाठोक नाही, रंधा नाही, काही नाही. शरणागती म्हणायला हरकत नाही. आता काम सपाट्याने होईल.

कासव नंबर आठ. पाठीवर पडलं. शांततेची सवय व्हायला वेळ लागेल.

४ एप्रिल
ही रोज हॉस्पिटलात जाते. सकाळी जाते, संध्याकाळी येते. मेहुण्याला तिथे ठेवलं आहे. नळी वगैरे लावली आहे म्हणे. हल्ली हॉस्पिटलवाले कुणालाही नळी लावतात.

मी जाणार आहे. नाही असं नाही. पण हात हलवत कसा जाऊ? कासव पूर्ण झालं की जाईन. त्याच्या समोर उतारावर सोडीन, काही बोलणार नाही. त्यालाच बोलू दे. तोच म्हणेल, भाऊजी, मानलं. मग मी म्हणेन, चल, झालं गेलं विसरू, भिंत काढू. हे सगळं मी आधीच ठरवून ठेवलं आहे, त्यात मनाचा मोठेपणा दिसतो.

६ एप्रिल
जाताना ही म्हणाली, त्याच्या वेलालाही दोन मग पाणी घाला, मला वेळ होत नाही. मी म्हटलं, तो वेगळ्या हद्दीतला विषय आहे. जाळी आपण गंमत म्हणून लावलेली नाही. ही दारात थांबली. मला वाटलं भांडेल. नाही भांडली. गेली.

उद्या घालीन दोन मग. जाळीतून, लांबूनच.

१० एप्रिल
हिच्याबरोबर निरोप आला. मेहुण्याने विचारलंय, भाऊजींच्या कासवाचं काय झालं, अजून पाठीवरच पडतं का?

मी हादरलो. कासवाबद्दल मी कुणालाही सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही. हेरगिरी! मग लक्षात आलं की प्लायवुड पातळ आहे आणि मी मोठ्याने बोलतो. म्हणजे तो खोकत बसून सगळं ऐकत होता. माझे दोन महिन्यांचे विचार फुकटात. ही म्हणाली, त्याला बोलायला त्रास होतो, पण एवढं त्याने विचारलं.

पाणी घालायचं राहिलं. उद्या नक्की.

१४ एप्रिल
कासव नंबर अकरा. सगळे उपाय संपले. पाय जाड, पाय बारीक, शेपूट, शेपटीविना, उतार कमी, उतार जास्त. पाठीवर. समोर ठेवून बघत बसलो. मोठ्याने म्हटलं, काय करावं रे? आणि थांबलो. कशाला थांबलो कुणास ठाऊक. पलीकडे कुणी नव्हतंच.

१९ एप्रिल
आज हॉस्पिटलात गेलो. मुद्दाम नाही. मेहुण्याचा छोटा रंधा चुकून माझ्या बाजूला राहिला होता, तो परत करायला हवा होता. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं माझ्या स्वभावात नाही. रंधा हॉस्पिटलात कशाला, असं ही म्हणाली. तिला व्यवहार कळत नाही. कासव खिशात होतं. उगाच.

तो ओळखू आला नाही आधी. मी पुढच्या खाटेपर्यंत गेलो आणि परत फिरलो. इतका लहान कसा झाला? तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मला बघून डोळ्यांनी हसला. मी रंधा दिला. त्याने उशीपाशी ठेवला. नर्सबाई म्हणाल्या, इथे हत्यारं चालत नाहीत. मी म्हटलं, हे हत्यार नाही, रंधा आहे. मग मी कासव काढलं आणि त्याच्या जेवणाच्या ट्रेवर ठेवलं. म्हटलं, चालत नाही.

त्याने बराच वेळ बघितलं. मग हात वर केला. हात वर करायला त्याला किती वेळ लागला ते लिहीत नाही. दोन बोटांनी कासव धरलं आणि उलटं ठेवलं. पाठीवर. आणि एका बोटाने हळूच टोचलं.

कासव डुलायला लागलं. गोल पाठीवर इकडून तिकडे, आणि डुलता डुलता स्वतःभोवती फिरायलाही लागलं, चारही पाय हवेत हलवत, मान वाकडी करत. थांबेच ना. नर्सबाई हातातलं काम टाकून बघत उभ्या राहिल्या आणि फस्सकन हसल्या. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे म्हणाले, अहो, परत करा, परत करा. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मास्कच्या आत काही तरी म्हणाला. ऐकू आलं नाही, पण काय म्हणाला ते मला माहीत आहे.

मी म्हटलं, हो, हे माझ्या मनात होतंच.

२० एप्रिल
सकाळपासून सपाटा. पाठ आणखी गोल केली, पाय तारेवर टांगले, मान सैल. काय डुलतं! तीन कासवं केली. पडणं हाच ज्याचा खेळ आहे असं खेळणं जगात दुसरं नसेल. मूळ कल्पना माझी. पडायचं ते पहिल्या दिवसापासून माझंच कासव. फक्त ते पडलेलं नसून खेळतंय, एवढं बघायचं राहून गेलं होतं. ते काय, कुणाच्याही लक्षात आलं असतं.

हे वाक्य खोडत नाही. पण बरं वाटलं नाही लिहून.

२१ एप्रिल
ठरलं. त्याला जाऊन सांगायचं, उलटं करायची कल्पना तुझी. स्पष्ट शब्दांत, हिच्यासमोर. भिंतही काढतो म्हणून सांगायचं. पण आधी एक कासव नीट रंगवून नेतो. नुसत्या हाताने जाणं बरं दिसत नाही. हिरवा पहिला हात दिला. वाळायला ठेवलं. परवा जाईन.

ही म्हणाली, आजच चला. मी म्हटलं, रंग ओला आहे.

२३ एप्रिल
मेहुणा गेला. सकाळी.

रंग वाळला होता.

६ मे
कन्या येऊन गेली. ही झोपते आणि उठते, एवढंच. मी प्लायवुडची भिंत काढली. एकट्याने काढताना तोल गेला. पलीकडून धरायला कुणी तरी लागतं.

मला वाटलं होतं, पलीकडे गुप्त खेळणं असेल. निदान अर्धवट काही तरी. काही नव्हतं. टेबल कोरडं, पटाश्या ओळीने, त्यांच्यावर धूळ. एक लाकडाचा ठोकळा होता, त्याच्यावर पेन्सिलची एकसुद्धा रेघ नव्हती. म्हणजे या सगळ्या दिवसांत त्यालाही काही सुचलं नाही. त्याचं स्टूल मात्र टेबलापाशी नव्हतं. भिंतीला चिकटवून ठेवलेलं होतं, माझ्या टेबलाच्या बरोबर पलीकडे.

मी त्या स्टुलावर बसलो. तिथून आपलं बोलणं ऐकू येत असणार. मला त्याची आठवण येते. लिहून टाकलं.

७ मे
गच्चीवरची जाळी कापली. ब्रश घेऊन गेलो होतो. त्याचा वेल वाळला आहे, बुंध्यापर्यंत. नखाने खरवडून बघितला. आतही कोरडा.

पाणी घातलं. चार बादल्या.

१७ मे
प्रदर्शन. कासवाभोवती पोरांची ही गर्दी. एक बारकी मुलगी कासवासारखीच जमिनीवर आडवी पडून पाय हलवायला लागली, तिची आई ओरडत होती. बक्षीस दुसरं मिळालं. पाटीवर माझं एकट्याचं नाव होतं. अर्जात मीच तसं लिहिलं होतं.

त्याच आयोजक बाई. विचारलं, वा, कल्पना कुणाची? मी महिनोन् महिने या प्रश्नाची तयारी केली होती. उत्तर पाठ होतं, आरशासमोर म्हणून बघितलेलं.

म्हटलं, एकत्रच सुचलं.

बाईंनी माझ्या मागे बघितलं. म्हणाल्या, हो का, मग ते कुठे आहेत, बोलवा ना, फोटो काढू. माझ्याबरोबर ही आली होती. तिने माझा हात धरला. फोटोत आम्ही दोघं आणि कासव असे आलो आहोत.

२ जून, सकाळी ६
नवं खेळणं: घुबड. मान मागपर्यंत फिरवणारं. आजपासून रोज पहाटे उठणे. वरच्या संकल्पांपैकी हा एकच ठेवला आहे.

त्याच दिवशी, दुपारी
मान फिरत नाही. मोठ्याने म्हटलं, मान अडकते कुठे? आणि थांबलो. जेवायला बोलवायला ही खाली आली तरी मी थांबलेलाच होतो. तिने विचारलं, कुणाशी बोलत होतात? मी म्हटलं, कुणाशी नाही. तिने घुबड हातात घेतलं. तिला खेळण्यातलं काही कळत नाही. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, उलटं करून बघितलंत का?

तिचं तिलाच ऐकू आलं असणार, कारण लगेच पदर तोंडाला लावला. मी घुबड उलटं केलं. मान निखळली आणि टेबलाखाली गेली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधत होतो. आधी ती हसली, मग मी, मग कुणालाच हसता येईना.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. माझा वेल फुलांनी भरला आहे. भुंगेही आले होते, दोन. या फुलावरून त्या फुलावर जात होते, पण सगळी फुलं एकाच वेलाची. बराच वेळ हिंडले बिचारे. मी त्यांना काही सांगितलं नाही.